उजवीकडची मागची मोटर

विशाखा उतेकरला तो शोध लागला तो आयटीआयच्या मागच्या अंगणात, आणि तोही ध्यानीमनी नसताना.

तालुक्याच्या आयटीआयमध्ये ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिचा धाकटा भाऊ रुपेश, त्याचं बाजारात मोटरी रिवाइंड करायचं दुकान होतं. दोघांनी मिळून घरच्या घरी सहा पंख्यांचा एक ड्रोन बांधला होता. विकतचे ड्रोन एव्हाना गल्लोगल्ली दिसायला लागले होते, पण कायद्याने त्यांचे सगळे भाग सीलबंद असत. आत काय चाललंय ते बघायची सोय नव्हती. विशाखाला नेमकं आतच बघायचं होतं. म्हणून मोटरी रुपेशने स्वतःच्या हाताने गुंडाळल्या, आणि प्रत्येक मोटरीचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर विशाखाने बनवला.

जोडणी दोघांनी मिळून केली. त्यांचे वडील काशिराम, म्हणजे आबा, वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. पोरं शाळेत होती तेव्हापासून त्यांनी दोघांना तारा जोडायला शिकवलं होतं, आणि रुपेशचा हात थेट त्यांच्यावर गेला होता. तार सोलायची, पिळायची, डाख द्यायची तापलेली सळई खालून लावायची आणि कथील वरून सोडायचं, म्हणजे ते आपणहून तारेत शिरतं. बॅटरी पहिल्यांदा जोडताना पंखे काढून ठेवायचे आणि मध्ये एक बल्ब सिरीजमध्ये घालायचा. कुठे शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि बाकीचं वाचतं. मग एकेक मोटर फिरवून बघायची. शेजारशेजारच्या मोटरी उलटसुलट फिरल्या पाहिजेत, नाहीतर अख्खा ड्रोन स्वतःभोवती गरगरतो. एखादी चुकीच्या बाजूने फिरली तर तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की काम झालं.

या तीन तारांमध्येच सगळी गंमत होती. कंट्रोलर एका वेळी दोनच तारांतून वीज सोडतो. तिसरी तेवढ्यापुरती मोकळी असते. पण मोटर फिरत असताना तिच्यातले चुंबक त्या मोकळ्या तारेतही थोडी वीज उमटवतात. ती मोजून कंट्रोलरला कळतं, की मोटर फिरत फिरत आत्ता कुठे आलीय आणि पुढचा धक्का कधी द्यायचा. विशाखाने आपले कंट्रोलर फार बारीक मोजणारे केले होते. वाऱ्याची झुळूक पंख्याला लागली तरी लॅपटॉपवरची रेघ हलायची.

एका दुपारी आयटीआयच्या अंगणात ड्रोन हातभर उंचीवर तरंगत असताना एका जागी ती रेघ थरथरली. पुढे नेला, थांबली. परत आणला, पुन्हा थरथरली. शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, तिथं खाली जुनी पाण्याची टाकी हाय. वर माती टाकून बुजवली."

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटली घुमते. तसंच हे होतं. पंख्यांची हवा खाली आपटते, आणि खाली पोकळी असेल तर भेगांमधून थोडी आत शिरते, घुमते, परत येते. कानाला ऐकू येणार नाही इतकी हलकी, पण पंख्याला जाणवते आणि पंख्याकडून त्या तिसऱ्या तारेत उतरते. विशाखाने पंख्यांना मुद्दाम लयीत कमीजास्त फिरायला लावलं, हळूहळू ती लय वाढवत नेली, आणि पोकळीने कुठल्या लयीला साद दिली ते टिपणारा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर दोनच उत्तरं यायची. साद मिळाली तर 'पोकळ'. नाही मिळाली तर 'भरीव'.

पुढची दोन वर्षं बहीणभाऊ सुटीच्या दिवशी घाटरस्त्यावर हिंडले. डांबराखालची माती वाहून गेलेल्या जागा त्यांनी शोधून दिल्या, तिथे खोदून बघितलं तर खरंच खड्डे निघाले. यंत्र एकदाही चुकलं नाही. रुपेश दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायचा.

* * *

त्या वर्षी गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. फोनवर तांबडा इशारा आला. कुंभेशेत गावाला रात्री शाळेत झोपायला जायला सांगितलं होतं. आबा कुंभेशेतच्या वरच्या आळीत एकटेच राहायचे. आई जाऊन बराच काळ झाला होता.

रुपेशने संध्याकाळी फोन केला. "आबा, शाळेत जाताय ना?"

"जातो, जातो," आबा म्हणाले. "या पावसाळ्यात तांबडा तांबडा करून त्या हवामानवाल्या पोरांनी वैताग आणलाय. शाळेत डास फोडून काढतात रे."

"एक रात्र काढा. उद्या मी येतो न्यायला."

"ये. येताना कछवा अगरबत्ती आण मोठ्या पाकिटातली."

पहाटे डोंगराचा एक कडा सुटून गावावर आला. शाळेत जी माणसं होती ती वाचली. आबा त्यांत नव्हते.

विशाखा आणि रुपेश निघाले तेव्हा उजाडलं होतं. रस्ता दोन ठिकाणी तुटलेला, त्यामुळे पिकअप खाली ठेवून त्यांना डोंगर चढावा लागला. ड्रोनची पेटी रुपेशने पाठीवर घेतली होती. ओढा ओलांडताना त्याचा पाय सरकला आणि तो पेटीसकट आपटला. त्याच्या कोपराचं सालटं निघालं, पण त्याने आधी पेटी उघडली. उजवीकडची मागची मोटर सांध्यातून निखळली होती, तिच्या तिन्ही तारा तुटल्या होत्या.

गावाच्या वेशीवर कुणाच्यातरी मोडक्या पडवीत त्यांनी ताडपत्री धरली. रुपेशने गॅसवर चालणारी छोटी सळई काढली. पाऊस आडवा येत होता. त्याने तारा सोलल्या, पिळल्या, डाख दिला, आणि जोड झाकायची प्लास्टिकची नळी वर चढवण्याआधी तो विशाखापुढे धरला.

"ताई, बघ गं. नीट बसलाय का?"

विशाखाने बघितलं. कथील चमकत होतं. खरं तर तिचं लक्ष पलीकडे होतं, जिथे वरची आळी असायची तिथे. तिथे आता नुसता तांबडा उतार होता.

"बसलाय," ती म्हणाली.

बल्ब लावून बॅटरी जोडली. बल्ब पेटला नाही. मोटरी फिरल्या, सगळ्या आपापल्या दिशेने.

* * *

बचाव दलाचे प्रमुख गव्हाणे म्हणून होते. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांच्याकडे उष्णता बघणारे कॅमेरे होते, पण एवढ्या जाड मातीतून उष्णता वर येत नाही. आवाज ऐकणारी यंत्रं होती, पण ओढा आणि पाऊस मिळून असा घोष चालला होता की त्यांचा उपयोग नव्हता. आणि पोकलेन एकच. पलीकडच्या गावात रस्त्याच्या कामावर होतं म्हणून ते तरी पोचलं.

"मॅडम, तुमच्याबद्दल तहसीलदारांकडून ऐकलंय," ते म्हणाले. "दुसरं पोकलेन उद्याशिवाय येत नाही. दोन जागी माणसं आहेत. खाली शेलारांचं घर, सून, सासरा आणि तान्हं मूल. वरच्या आळीत एक माणूस."

"ते आमचे वडील," रुपेश म्हणाला.

गव्हाणेंनी दोघांकडे बघितलं. "मग तुम्ही हे करायलाच पाहिजे असं नाही. मी समजू शकतो."

"करते," विशाखा म्हणाली.

आधी खालच्या आळीवर ड्रोन नेला. तिथे माती आणि चिरे आणि पत्रे यांचा एकच ढीग होता. पंखे लयीत कमीजास्त घुमायला लागले, आणि एका जागी रेघ अशी ठळक उसळली की जवळ उभ्या असलेल्या जवानालाही दिसली. पोकळ. मोठी पोकळी, खोलीच्या कोपऱ्याएवढी तरी.

मग वर. घर कुठे होतं ते रुपेशने आंब्याच्या उघड्या पडलेल्या मुळांवरून दाखवलं. विशाखाने ड्रोन त्या जागेवर धरला. रेघ खरखरत राहिली, पण उसळली नाही.

भरीव.

"पुन्हा घे," रुपेश म्हणाला.

तिने पुन्हा घेतलं. दोन हात डावीकडे, दोन हात उजवीकडे, मागे परड्यापर्यंत. सगळीकडे तेच. भरीव.

"अजून एकदा."

"रुपेश, बॅटरी उतरतेय."

गव्हाणे मागे येऊन उभे राहिले होते. "निर्णय माझा असेल मॅडम. तुम्ही फक्त काय दिसतंय ते सांगा."

पडद्यावरचे शब्द वाचून दाखवायचे होते, एवढंच. पण ते वाचल्यावर पोकलेन कुठे जाणार हे तिला ठाऊक होतं, आणि रुपेशलाही.

"खाली पोकळ आहे," ती म्हणाली. "वर भरीव."

पोकलेन खाली वळलं. रुपेशने एका जवानाजवळचं फावडं घेतलं आणि तो वर चढून गेला. गावातले दोघं-तिघं त्याच्यामागून गेले. माती दोन पुरुष खोल होती आणि पावसाने घसरून पुन्हा भरत होती. विशाखा खालून बघत होती. त्याची पाठ वाकायची, सरळ व्हायची, पुन्हा वाकायची. ती वर गेली नाही. खाली ढिगाऱ्याच्या कडेला पोकलेनला जागा दाखवायला तीच लागत होती.

दुपारनंतर शेलारांच्या घराचा स्लॅब लागला. त्याच्याखाली मनीषा शेलार पोराला पोटाशी धरून बसलेली, आणि तिच्या पायाशी सासरा. तिघंही जिवंत. मूल बाहेर काढल्यावर रडलं नाही, नुसतं डोळे मिचकावत राहिलं, आणि मग एकदम भोकाड पसरलं. तो आवाज ऐकून रुपेश वरून उतरला. सासऱ्याचा पाय अडकला होता तो सोडवायला त्यानेच खांदा लावला. नंतर तो ओढ्याकाठी जाऊन हात धुत राहिला, बराच वेळ.

आबा सापडायला तिसरा दिवस उजाडला. ते घरातच होते, माळ्याच्या तुळईला टेकून. तुळई तिरकी पडल्यामुळे त्यांच्या छातीपुढे थोडी जागा राहिली होती, पण बाकी सगळी माती. हातात उशाशी ठेवायची बॅटरी होती, तिचं बटण चालू.

"पहाटेची वेळ," तालुक्याचे डॉक्टर म्हणाले. "उठून बॅटरी लावली असेल, तेवढ्यात झालं. फार त्रास झाला नसेल."

विशाखाने मान हलवली. रुपेशने डॉक्टरांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

* * *

तिला वाटलं होतं, भाऊ आपल्याला दोष देईल. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. रुपेश उलट सगळ्यांना सांगत सुटला. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांना, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना, स्वतःच्या बायकोला पुन्हा पुन्हा.

"ताईने बरोबर केलं. वर भरीव होतं. पोकळी असती तर मशीनने दाखवली असती. आबा एका क्षणात गेले, त्यांना कळलंसुद्धा नाही. आणि त्यांच्या बदल्यात तीन माणसं आली."

त्याला रात्री झोप लागत होती ती या शब्दांवर. विशाखा हे जाणून होती.

राज्याच्या आपत्ती विभागाने एक समिती नेमली. असे ड्रोन प्रत्येक डोंगरी तालुक्यात असावेत असा विचार चालला होता. समितीने तिच्याकडे यंत्र, प्रोग्रॅम आणि कुंभेशेतच्या दिवशीची सगळी नोंद मागवली. पाठवण्याआधी यंत्र स्वच्छ करावं म्हणून तिने ते एका रविवारी प्रयोगशाळेच्या टेबलावर उघडलं. चिखल वाळून आत पापुद्रे झाले होते. तिने ब्रशने ते काढले. उजवीकडच्या मागच्या मोटरीची नळी कापली तेव्हा तिच्या बोटाच्या धक्क्याने एक तार हलली.

कथील तारेवर नुसतं बसलं होतं, आत शिरलं नव्हतं. ड्राय सोल्डर. मुलांना ती पहिल्याच आठवड्यात शिकवायची: वरून चकचकीत दिसतं, वीजही जाते, पण थरथर झाली की जोड धरतो, सोडतो, धरतो, सोडतो. ओल्या तारेवर, गार हवेत, घाईत हे व्हायचंच.

ती लॅपटॉपकडे वळली. त्या दिवशीची नोंद काढली. खालच्या आळीची साद एवढी मोठी होती की बिघडलेल्या मोटरीची खरखर तिला झाकू शकली नाही. वरच्या आळीत मात्र त्या एका मोटरीची खरखर बाकी सगळ्यांवर पसरली होती. तिने ती मोटर हिशेबातून काढून टाकली आणि उरलेल्या पाच मोटरींवर गणित पुन्हा केलं.

घराच्या जागेवर रेघ थोडी वर आली. फार नाही. छातीपुढच्या हातभर जागेची असू शकेल इतकी. ओढ्याच्या वाऱ्याचीही असू शकेल इतकी.

तिने पुन्हा गणित केलं, वेगळ्या रीतीने. मग आणखी एका रीतीने. काही केल्या ती रेघ ना खाली बसेना, ना नीट वर येईना.

आणि मग तिला कळलं की चूक तारेपाशी थांबत नव्हती. तिनेच प्रोग्रॅम लिहिला होता आणि त्यात दोनच उत्तरं ठेवली होती. साद ऐकू आली नाही म्हणजे साद नाही, असं तिने यंत्राला शिकवलं होतं. ऐकणाऱ्याचा कान बिघडला असेल तर काय, याला जागाच ठेवली नव्हती. सुटीच्या दिवशी रस्त्यावरचे खड्डे शोधताना ते चालून गेलं.

जोड पुन्हा करून टाकणं पाच मिनिटांचं काम होतं. कुणी विचारलं नसतं. पण नोंद समितीकडे जाणार होती. तिथल्या कुणीतरी ती आज ना उद्या उघडून हेच गणित मांडलं असतं, आणि रुपेशला परक्याच्या तोंडून कळलं असतं. किंवा कुणी मांडलं नसतं, आणि तोच प्रोग्रॅम प्रत्येक तालुक्यात गेला असता.

विशाखा त्या टेबलाशी बसून राहिली. अंगणात पोरं व्हॉलीबॉल खेळत होती. शेवटी तिने ती मोटर खराब जोडासकट सोडवून घेतली, बाकी ड्रोन होता तसाच पेटीत ठेवला आणि बाजाराची वाट धरली.

* * *

रुपेश पंपाची मोटर उघडून बसला होता. तिला बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"चहा सांगू?"

"नको. दुकान जरा बंद कर."

त्याने शटर अर्धं ओढलं. तिने मोटर त्याच्यापुढे ठेवली. काही सांगायची गरज पडली नाही. त्याने तार दोन बोटांत धरून हलवली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हा मी दिलेला," तो म्हणाला.

"हो. पडवीत."

"मग वर जे भरीव आलं..."

"ते भरीव होतं असं म्हणता येत नाही. पोकळ होतं असंही म्हणता येत नाही. मी सगळ्या रीतीने बघितलं रुपेश. कळत नाही."

त्याने तार पुन्हा एकदा हलवून बघितली. बाहेरून विजेवरची एसटी गेली, इंजिनाचा आवाज न करता, नुसता हॉर्न वाजवत. "म्हणजे आबा जिवंत असू शकत होते."

"असू शकत होते. नसूही शकत होते."

"बॅटरी चालू होती त्यांची."

विशाखा स्टुलावर टेकली.

"मी तुला दाखवला होता," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "हा जोड मी तुझ्यासमोर धरला होता. नीट बसलाय का विचारलं. तू बसलाय म्हणालीस."

"हो. मी नीट बघितलं नाही."

"मी जोडला, तू बघितलास. आता आबांना कुणाच्या माथी मारायचं? माझ्या का तुझ्या?"

"यंत्रात चूक माझी होती. जोड खराब आहे हे त्याला कळायला हवं होतं आणि त्याने गप्प बसायला हवं होतं. ते मी केलंच नव्हतं."

"मला यंत्राचं नको सांगू." त्याने मोटर टेबलावर ठेवली, अगदी सावकाश. "ताई, तू हे मला कशाला सांगितलंस? मी त्या एका गोष्टीवर उभा होतो."

"तुला बाहेरून कळलं असतं."

"कळू द्यायचं होतं. माझ्या बहिणीला माहीत नव्हतं, एवढं तरी राहिलं असतं मला."

ती उठली. शटरखालून वाकून बाहेर पडताना तिने मागे बघितलं तेव्हा तो पुन्हा पंपाच्या मोटरीवर वाकला होता, पण हात चालत नव्हते.

* * *

त्या दिवाळीत भाऊबीजेला रुपेश आला नाही. दुकान त्याने एका ओळखीच्याला चालवायला दिलं आणि बायकोला घेऊन वापीला एका कारखान्यात नोकरी धरली. फोन केला तर त्याची बायको उचलायची. "बरे आहेत," एवढंच सांगायची, आणि ते सांगतानाही तिचा आवाज दबलेला असायचा.

विशाखाने समितीपुढे सगळं मांडलं. खराब जोड, पडवी, आपण न बघता बसलाय म्हणालो ते, आबा. समितीतल्या एक इंजिनिअर बाई म्हणाल्या, की एवढं घरचं सांगायची आवश्यकता नव्हती. विशाखा म्हणाली, त्याशिवाय बदल का हवा ते कळणार नाही.

बदल साधा होता. उडण्याआधी आणि उडत असताना प्रत्येक कंट्रोलर आपल्या मोटरीच्या तिन्ही तारांची झाडाझडती घेई. एखादी खरखरत असेल, वारा जास्त असेल, पाऊस पंख्यांवर फार आपटत असेल, तर यंत्र आता तिसरं उत्तर देई: 'सांगता येत नाही'. आणि नियम असा ठरला, की जिथे हे उत्तर आलं ती जागा सोडायची नाही. पोकलेन नसेल तर माणसांनी खणायचं. त्यावरून वाद झाला. काही अधिकाऱ्यांना वाटत होतं की असं उत्तर देणाऱ्या यंत्राचा उपयोग काय. गव्हाणे त्या बैठकीला आले होते. ते म्हणाले, "मला असं यंत्र पाहिजे. मी एकदा दोनच उत्तरं देणाऱ्या यंत्रावर निर्णय घेतलाय." तेवढंच बोलून ते खाली बसले, आणि विशाखाकडे त्यांनी बघितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात घाटाच्या पलीकडे एका वाडीवर दरड आली. विशाखाला बोलावलं तेव्हा तिथे नव्या ड्रोनची तुकडी आधीच पोचली होती. ती फक्त बाजूला उभी राहून बघत होती. चार घरांवर 'भरीव' आलं. एकावर 'पोकळ', पण खणलं तर तिथे कुणी नव्हतं. आणि एका घरावर, वाऱ्यामुळे, 'सांगता येत नाही'. तिथे हौसाबाई नावाची म्हातारी होती. तिचा मुलगा काठावर उभा होता.

"म्हणजे काय?" त्याने विशाखाला विचारलं. "हाय का न्हाय?"

"यंत्राला कळत नाही," ती म्हणाली. "म्हणून खणायचं."

पोकलेन तिथपर्यंत पोचणार नव्हतं. वीस-पंचवीस माणसं फावडी घेऊन लागली. विशाखाही लागली. हाताला फोड आले, फुटले. संध्याकाळ व्हायच्या आत हौसाबाई जिवंत निघाली, चुलीच्या भिंतीला चिकटलेली, दोन्ही पाय चिरडलेले.

ती वाचली नाही. दोन दिवस दवाखान्यात होती, आणि तिसऱ्या दिवशी गेली.

विशाखाने दवाखान्याच्या पायरीवर बसून रुपेशला फोन लावला. का लावला हे तिलाही सांगता आलं नसतं. या वेळी फोन त्याच्या बायकोने उचलला नाही.

"बोल," रुपेश म्हणाला.

तिने सांगितलं. वाडी, वारा, यंत्राचं उत्तर, फावडी, म्हातारी. आणि म्हातारी आज सकाळी गेली तेही.



"मुलगा जवळ होता?" रुपेशने विचारलं.

"होता. दोन्ही दिवस."

"बोलल्या का त्या?"

"बोलल्या की. थांबत नव्हत्या."

"काय बोलल्या?"

विशाखाला आठवावं लागलं नाही. ती त्या खोलीत होती. "काही विशेष नाही. म्हशीला कुणी पाणी दाखवलं का. सुनेला माहेरी कळवलं का. डाळीच्या डब्यात मुंग्या झाल्यात, ऊन पडलं की डाळ वाळत घाला. मुलगा हो हो म्हणत होता, आणि त्यांचे केस विंचरत होता."

रुपेश रडायला लागला. आबांच्या वेळेला, खांदा देताना, दहाव्याला, दुकानात, कुठेही तिने त्याला रडताना बघितलं नव्हतं. आता तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. मागे कारखान्याची यंत्रं चालू होती, कुणीतरी हिंदीत त्याला काय झालं म्हणून विचारत होतं.

विशाखा पायरीवर तशीच बसून राहिली. फोड फुटलेल्या हाताने फोन धरवत नव्हता, म्हणून तिने तो दुसऱ्या हातात घेतला.

"ताई," तो मध्येच म्हणाला, "ठेवू नकोस गं."

"नाही ठेवत," ती म्हणाली.